भोपळ्याची पहिली चीर

दार एका उंच, नऊवारीतल्या बाईंनी उघडलं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, माझ्यामागून धापा टाकत जिना चढणाऱ्या भालूमामांकडे पाहिलं आणि आत तोंड करून त्या ओरडल्या,

"वहिनी, पुरुष आले गं! एक मागितला होता, दोन आलेत!"

आत कुठंतरी भांडं पडलं. पाठोपाठ "देव पावला" असा आवाज आला.

भालूमामा सुखावले. "बघ," ते माझ्या कानात म्हणाले, "याला म्हणतात अगत्य. नाहीतर ते कोरेगावचे लोक. पाणी विचारायला अर्धा तास लावला."

आम्ही साताऱ्याहून मिरजेला मुलगी पाहायला आलो होतो. आश्विनातले दिवस, ऊन असं की बसमधून उतरताना मामांच्या कोटाला पाठीवर नकाशा उमटला होता. दिवाळी तोंडावर आलेली. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात, त्यामुळे उपवर मुलांच्या मामांची खरी धावपळ याच दिवसांत असते. माझे मामा स्वतः अविवाहित होते. त्यामुळे या विषयातला त्यांचा अभ्यास अगदी निःपक्षपाती होता. त्यांचे नियम ठरलेले: पोहे एकदाच घ्यायचे, 'कळवतो' याखेरीज काही बोलायचं नाही, आणि मुलीच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. "हात लावला की माणूस गुंतला," असं ते म्हणत. स्वतः त्यांनी आयुष्यात कशालाच हात लावला नव्हता.

बैठकीच्या खोलीत तीन लाकडी खुर्च्या होत्या आणि एक हातांची, गादीची, खास पाहुण्यांची. त्या चौथ्या खुर्चीत कुणीतरी आधीच बसलेलं होतं. अंगावर पंचा पांघरलेला, डोकं झाकलेलं. मामांनी मुलीकडच्यांवर छाप पडावी म्हणून चष्मा खिशात ठेवला होता. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"नमस्कार. आपण मुलीचे आजोबा का? बरं नाही का आपल्याला?"

"भोपळा आहे तो," नऊवारीतल्या बाई म्हणाल्या.

मामांनी चष्मा लावला. बाईंनी पंचा काढला. खरोखरच भोपळा होता. लाल, घारग्यांचा करतात तो. दीड वर्षाच्या गुटगुटीत मुलाएवढा.

"खुर्चीत?" मामा म्हणाले.

"मग कुठं ठेवणार? जमिनीवर ठेवला की येणारा-जाणारा अडखळतो. आणि भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. तुम्ही बसा की त्या साध्या खुर्चीवर."

मामा बसले. मुलाचा मामा साध्या खुर्चीवर आणि भोपळा गादीवर, हे त्यांच्या मनाला लागलं असावं, कारण पुढं सगळा वेळ ते भोपळ्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होते.

तेवढ्यात मुलीच्या आई, मनोरमाबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. नऊवारीतल्या बाई म्हणजे मुलीच्या द्वारकाआत्या, हेही कळलं. मुलीचे वडील जाऊन काही वर्षं झाली होती. हसबनिसांच्या त्या घरात या तिघीच. प्रवास कसा झाला, उकडतं किती, हे बोलून झालं. मग आत्याबाई घसा खाकरून म्हणाल्या,

"बरं, आता वेळ घालवायला नको. तुमच्यापैकी चिरणार कोण?"

"काय चिरणार?" मामा सावध झाले.

"अहो, भोपळा. सकाळपासून पुरुषाची वाट बघतोय."

मग उलगडा झाला. आख्ख्या भोपळ्याला बाईनं सुरी लावायची नसते, हे आमच्याकडेही होतंच. थोरल्या मुलावर आई कशी सुरी चालवणार? बापानं चालवलेली मात्र चालते. पहिली चीर पुरुषानं पाडायची, मग बायकांनी त्याचं काय हवं ते करावं. हसबनिसांकडे ते काम पोस्टमन करायचा. पत्र द्यायला यायचा, भोपळा चिरून जायचा. पत्र नसलं तरी यायचा. पण तो नेमका रजा काढून गावी गेला होता.

"आणि खालच्या मजल्यावर कुणी नाही?" मामांनी विचारलं.

"आहेत ना. उस्मानचाचा," मनोरमाबाई म्हणाल्या. "पण ते तंबोरे करतात हो. मागं एकदा त्यांच्याकडे दिला होता. सवयीनं त्यांनी मधोमध कापला, आतून पोखरून स्वच्छ केला आणि वाळायला टांगला. आम्ही घारग्यांची कणीक भिजवून बसलेलो."

मामांनी घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग कोर्टात उभं राहिल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"हे पाहा बाई. भोपळ्याला पहिली चीर घरच्या पुरुषानं पाडायची असते. आमचा श्रीपाद अजून तुमच्या घरचा नाही. त्यानं चिरला, तर तो घरचा झाला असं होतं. म्हणजे पसंती झाली असं होतं. आणि आम्ही तर अजून मुलगीही पाहिलेली नाही."

"पोस्टमन कुठं घरचा होता?" आत्याबाईंनी विचारलं.

"तो सरकारी माणूस. त्याला नातं लागत नाही."

"मग तुम्ही चिरा. तुम्हाला तर कुणी मागणीही घालत नाहीये."

मामांच्या सबंध हयातीत त्यांना एवढं अचूक कुणी बोललं नव्हतं. ते काही म्हणणार तोच आतलं दार उघडलं आणि मुलगी पोहे घेऊन आली.

शरयू तिचं नाव. ट्रेमध्ये पोह्यांच्या दोन बशा होत्या आणि त्या दोन बशांच्या मधोमध एक लांब पात्याची सुरी. कोपरापर्यंत हात मैद्यानं माखलेले. केसांत गजरा होता, पण तो आईनं मागून धरून लावलेला असावा, कारण तो एका कानाकडे सरकला होता. तिनं बशा दिल्या. सुरी माझ्या बशीच्या शेजारी ठेवली आणि विचारलं,

"आधी पोहे की आधी भोपळा?"

"शरयू!" आई म्हणाल्या.

"अगं आई, बेकरीची भट्टी उतरेल."

मामांनी मला कोपरानं ढोसलं. 'काही बोलू नकोस' असा त्याचा अर्थ. मी ते 'काहीतरी बोल' असं समजलो आणि म्हणालो, "मला यांच्याशी दोन शब्द बोलायचेत."

दोन शब्दांसाठी आम्हाला स्वयंपाकघरात पाठवलं. भोपळा मी उचलून नेला. हात लागला तो असा. तिथं ओट्यावर परातीत मैदा, वाटीत साखर, शेजारी तुपाची बरणी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले दोन काळे चौकोनी पत्रे. दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका नानकटाईचं पीठ करून, असल्या पत्र्यांवर मांडून, बेकरीत भाजायला नेत. तो जमाना तुम्हाला आठवत असेल तर पुढचं सांगायला सोपं जाईल.

"हे नानकटाईचं ना?" मी विचारलं.

"नाही. भोपळ्याची बिस्किटं." तिनं भोपळा पाटावर ठेवला. "कीस तुपात परतायचा, गूळ घालायचा, घट्ट झाला की मैद्यात मळायचा. वेलदोडा, जरा सुंठ."

"म्हणजे घारगेच."

"सगळे असंच म्हणतात. घारगे तळायचे असतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. ही पंधरा दिवस टिकतील. कुडकुडीत." ती थांबली. "टिकतील असं मला वाटतं. अजून एकदाही धड झाली नाहीत. बाहेरून कोळसा, आतून शिरा. दर वेळी."

"मग करता कशाला?"

तिनं दाराकडे पाहिलं. बाहेर मामा आणि आत्याबाई, पोस्टमनला नातं लागतं की नाही, यावर अजून बोलत होते.

"खरं सांगू? गफूरभाई बेकरीवाले म्हणालेत, बिस्किट जमलं तर दिवाळीपासून आमच्या दुकानात बरणी लावतो. तुझा माल, तुझी बरणी. आणि आई म्हणालीय, बरणी लागली तर एक वर्ष तुला कुणाला दाखवणार नाही, काय करायचं ते कर. पण घरचे पत्रे गफूरभाई आजपर्यंतच घेतात. उद्यापासून दिवाळीची त्यांची खारी-टोस्टची गडबड. म्हणजे आज जमलं तर जमलं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर आई म्हणेल ते."

"आई काय म्हणतायत?"

"आईला तुमचा फोटो आवडलाय."

मला अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं. "आणि तुम्हाला?"

"मी पाहिला नाही. पिठाचे हात होते."

मी जरा हिशेब मांडला. "म्हणजे मी भोपळा चिरला आणि बिस्किटं जमली, तर तुम्ही मला नकार देणार."

"हो."

"आणि मी नाही चिरला, तर लग्न."

"बहुतेक."

"आणि हे तुम्ही मलाच सांगताय. चिरायला सांगायच्या आधी."

"न सांगता चिरून घेतला असता तर फसवणूक झाली असती ना?" ती सरळपणे म्हणाली. "मी स्वतःच चिरला असता हो. मला काही तो मुलगा-बिलगा वाटत नाही. पण तूप आत्याचं आहे. बाईनं चिरलेल्या भोपळ्यात ती तुपाचा थेंब घालू द्यायची नाही."

आता एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? 'कळवतो' म्हटलं असतं. मीही तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच. पण तिच्या कानावरचा तो गजरा तेवढ्यात सुटून मैद्यात पडला. तिनं तो उचलला, झटकला, खिडकीत टाकला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, भोपळ्याकडे पाहिलं. त्या भोपळ्याकडे ती ज्या नजरेनं पाहत होती, तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, निदान या दोघांच्या मध्ये आपण येऊ नये.

"सुरी द्या," मी म्हणालो.

सातारच्या बांधकाम खात्यात मी कारकून होतो. कागदाला टाचणी टोचणं, यापलीकडे हत्यार चालवण्याचा अनुभव नव्हता. घरी सगळं चिरणं आईच्या विळीवर. मी भोपळ्याच्या देठापाशी सुरीचं टोक टेकवलं, डोळे मिटले आणि जोर लावला. सुरी निम्मी आत गेली. पुढं जाईना. म्हणून मागं ओढली. मागं येईना.

"झालं?" बाहेरून आत्याबाई.

"आत गेली, बाहेर येत नाहीये," शरयू म्हणाली.

दोघी आणि मामा आत आले. आत्याबाईंनी भोपळ्याभोवती एक फेरी मारली. "ही चीर नव्हे. हे भोक झालं. चीर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"सुरी बोथट आहे," मी म्हणालो.

"पोस्टमन याच सुरीनं एका झटक्यात चिरतो," मनोरमाबाई हळूच म्हणाल्या. आईला आवडलेला फोटो तेव्हाच थोडा फिका पडला असावा.

मी सुरीची मूठ धरून उचललं, तर सुरीसकट भोपळा उचलला गेला. पाटावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. खालून उस्मानचाचांनी छताला काठी ठोकली. मामा इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते. पण भाच्याची फजिती एका मर्यादेपर्यंतच बघवते.

"अरे गाढवा, निगुडकरांच्या मुलाला भोपळा चिरता आला नाही, हे साताऱ्याला कळलं तर कोरेगावचं स्थळसुद्धा हातचं जाईल! बाजूला हो. नाही, बाजूला नको होऊस. भोपळा धर. घट्ट धर. मी सुरी ओढतो."

मी ओट्यापाशी भोपळा पोटाशी धरून उभा राहिलो. मामांनी कोटाच्या बाह्या सारल्या, दोन्ही हातांनी मूठ धरली, एक पाय ओट्याला लावला.

"मामा, नियम—" मी म्हणालो.

"नियम गेला खड्ड्यात!" असं म्हणून मामांनी हिसका दिला.

सुरी निघाली. मामाही निघाले. उलट्या पावलांनी दारातून, पडद्यासकट बैठकीच्या खोलीत, आणि तिथं ते त्या हातांच्या, गादीच्या, रिकाम्या झालेल्या खुर्चीत जाऊन बसले. हातात सुरी, खांद्यावर पडदा. अखेर मुलाच्या मामाला मानाची जागा मिळाली. पण तिकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. कारण हिसक्याबरोबर भोपळा माझ्या हातून सुटला होता.

तो पडला, फुटला नाही. घरंगळला. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून उघड्या दारातून बाहेर, आणि मग जिन्यावरून एकेक पायरी सावकाश उतरत खाली. शेवटच्या पायरीवरून त्यानं उस्मानचाचांच्या दारावर धडक दिली, तेव्हा टण्ण असा आवाज झाला आणि मग कुणीतरी टाळी दिल्यासारखा.

आम्ही सगळे जिन्यावरून धावलो. भोपळ्याची बरोब्बर दोन शकलं झाली होती. उस्मानचाचा बाहेर आले होते. एक शकल त्यांनी कानाशी धरलं होतं आणि बोटानं टिचकी मारून ऐकत होते.

"आवाज बरा आहे," ते म्हणाले. "वाळला तर—"

"चाचा, द्या!" शरयूनं झडप घातली.

आत्याबाई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. तूप त्यांचं होतं.

"सुरी लावली ती यानं," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ओढली मामांनी. फुटला चाचांच्या दारात. बाईचा हात कुठंच लागला नाही. झाली पहिली चीर." मग मनोरमाबाईंकडे वळून त्या पुटपुटल्या, "तीन पुरुष लागले."

यानंतरचं मला धड क्रमानं आठवत नाही. सगळ्यांनाच कामाला लावलं होतं. मी साल काढत होतो. मामा कोट घालूनच किसत होते, कारण कोटाखालच्या सदऱ्याची बाही उसवल्याचं मघाशीच लक्षात आलं होतं. "बारीक किसा, जाड नको," असं शरयू त्यांना सांगत होती आणि ते "हो, हो" म्हणत होते. कुठल्याही स्थळी मामा इतके नम्र झालेले मी पाहिले नव्हते. कीस तुपात पडला तेव्हा असा वास सुटला की दोघांनाही पोह्यांची आठवण झाली. ते केव्हाच गार झाले होते. तरी आम्ही खाल्ले.

गूळ घातलेला गोळा निवेपर्यंत मळता येत नव्हता. आई पंख्यानं वारा घालत होत्या. निवेना. शरयू खिडकीतून उन्हाकडे पाही. ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत होतं. दर वेळी खिडकीतून वळली की तिचा चेहरा थोडा लहान झालेला दिसे.

शेवटी आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागायला आले होते. पुढे मामा, डोक्यावर एक पत्रा घेऊन, "बाजूला! बाजूला!" करत. मागे मी दुसरा पत्रा घेऊन. मग शरयू, आई, आत्याबाई. लोकांना वाटलं, कुणाचं तरी रुखवत चाललंय.

बेकरीत बायकांची रांग संपली होती. भट्टीचं तोंड नुसतंच तांबूस दिसत होतं. गफूरभाई हात धूत होते.

"आत्ता?" ते म्हणाले. "अगं पोरी, भट्टी उतरली की! सकाळी यायचं. नेहमी पहिली येतीस, आजच काय झालं?"

"भोपळा चिरायला वेळ लागला," शरयू म्हणाली.

"आता यात काय भाजायचं? नुसती ऊब राहिलीय."

"ठेवा तरी, गफूरभाई. आजच्या दिवस."

गफूरभाईंनी मान हलवली, पण पत्रे घेतले. लांब दांड्याच्या लाकडी फळकुटानं आत सारले आणि झाकण लावलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शरयू बसली नाही. ती झाकणाकडे पाहत उभी राहिली, कोपरावरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडत. आई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. कुणाच्या बाजूनं, ते कळत नव्हतं. माझंही मला कळत नव्हतं. जळली तर ही मुलगी माझी. मी नाकानं वास घेत होतो आणि जळल्याचा वास येत नाही म्हणून मला बरं वाटत होतं. असा गाढव माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा नसावा.

पुष्कळ वेळ गेला. नानकटाईला लागतो त्याच्या तिप्पट. मग गफूरभाईंनी झाकण काढलं आणि पत्रा ओढला.

बिस्किटं होती. कोळसा नव्हे, शिरा नव्हे. झेंडूच्या गडद फुलांसारखी, कडेला जरा तपकिरी. गफूरभाईंनी एक उचललं आणि मोडलं. कट्ट असा आवाज झाला. त्यांनी अर्धं खाल्लं. मग उरलेलं अर्धं. मग दुसरं उचललं. सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होते.

"मागच्या वेळेपेक्षा काय वेगळं घातलंस?"

"काही नाही. तेच."

"मग?" गफूरभाई विचारात पडले. भट्टीत वाकून हात धरून पाहिला. "अगं, ओला माल हा. भोपळा आहे ना आत! कडक भट्टीत टाकला की वरून जळणार, आत कच्चा. याला हीच भट्टी पाहिजे. उतरलेली. सावकाश वाळत वाळत भाजायला पाहिजे. तू आपली दर वेळी सकाळी सकाळी पहिला पत्रा घेऊन येणार!"

मग हळूहळू एकेकानं मान वळवली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

गफूरभाईंनी गल्ल्यावरची टोस्टची बरणी रिकामी केली, फडक्यानं पुसली आणि मोकळी ठेवली. शरयूनं एकेक बिस्किट आत लावलं. आवाज होऊ नये अशा बेतानं. तिचे डोळे भरून आले होते का, ते मला सांगता येणार नाही. ती पाठमोरी होती.

मनोरमाबाई माझ्याजवळ आल्या आणि बिस्किटांची एक पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. "फोटो तुमचा परत पाठवते हं," त्या म्हणाल्या. "छान होता."

परतीच्या बसमध्ये मामा कऱ्हाडपर्यंत कोटावरचा भोपळ्याचा कीस वेचत होते. मग म्हणाले, "मुलगी चांगली होती."

"हो."

"पहिल्या झटक्यात चिरला असतास तर भट्टी कडक मिळाली असती. बिस्किटं जळली असती. आज लग्न ठरलं असतं."

"हो."

"तू गाढव आहेस."

"हो."

"त्या पुडीत अजून आहेत का?"

दोघांनी मिळून संपवली.

तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न कोरेगावच्याच त्या स्थळाशी झालं. पाणी विचारायला अर्धा तास लावण्याचं कारण म्हणजे मुलगी विहिरीवर ताजं पाणी आणायला गेली होती, हे तेव्हा कळलं. पुढच्या आश्विनात ऑफिसात माझ्या नावाचा ट्रंककॉल आला. पलीकडे शरयू. एकच वाक्य बोलली: "भोपळा आलाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ज्या घरानं तुम्हाला नाकारलं, तिथं भोपळा चिरायला जाणार?"

"जावं म्हणतो."

"जा. पण निदान तिथं अब्रू राखा. ही न्या." तिनं माहेरून आणलेली सुरी दिली. लोहाराकडून धार लावून घेतलेली. केस कापला असता.

मिरजेला पोचलो. जिना चढून वर गेलो, तर दारात पोस्टमन उभा. रजेवरून केव्हाच परतलेला, धडधाकट, हातात बिस्किट. आत भोपळा आपल्या गादीच्या खुर्चीत. मला काही समजेना. मी पिशवीतून सुरी काढली. शरयूनं ती पाहिली, पात्यावरून अंगठा फिरवला, आणि माझ्या हातातून घेऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. मग तिनं तीच जुनी बोथट सुरी आणून दिली.

"ही का?" मी विचारलं. "आणि पोस्टमन असताना मी का?"

"तो एका झटक्यात चिरतो," ती म्हणाली. "तुम्ही चिरायला घेतलात की चिरून होईपर्यंत भट्टी बरोबर उतरते."

तेव्हापासून एकही आश्विन चुकला नाही. मी त्या बिस्किटांचा मुहूर्तच झालो. मामा होते तोवर तेही येत आणि न सांगता किसायला बसत. आत्याबाई गेल्या, तुपाची बरणी शरयूच्या ताब्यात आली. आता भोपळा कुणीही चिरावा, कुणाची हरकत नाही, असं मी तिला म्हणून पाहिलं. ती हो म्हणाली आणि मला सुरी दिली. बेकरी हल्ली गफूरभाईंचा नातू चालवतो. भट्टी लाकडाचीच आहे. गल्ल्यावर आता एक बरणी नाही, आख्खं कपाट आहे.

परवा पुन्हा फोन आला. बायकोनंच घेतला. "भोपळा आलाय," असं तिनंच मला सांगितलं आणि पिशवी काढली. मी म्हटलं, आता जमायचं नाही. वयामुळं हात थरथरतात, मनगटात जोर उरलेला नाही. गेल्या वर्षी त्या एका चिरीला दिवेलागण झाली.

तर बायको म्हणाली, "शरयूताई तेच सांगत होत्या. म्हणाल्या, बिस्किटं दरवर्षी सुधारतायत."